गिअरबॉक्स बदलायचा की गाडी? साडेनऊ वर्षं वापरलेल्या एका सेडानचं प्रकरण

पार्श्वभूमी

चार माणसांच्या कुटुंबाची ही एकुलती एक गाडी. परवडणाऱ्या वर्गातली मध्यम आकाराची पेट्रोल सेडान, १.८ लिटरचं टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन, टायमिंग चेन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स, म्हणजे ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक. नवी कोरी घेतली आणि पहिल्या दिवसापासून त्याच कुटुंबाने वापरली. प्रकरण सुरू झालं तेव्हा गाडीला साडेनऊ वर्षं झाली होती आणि मीटरवर १,४१,६०० किमी होते. रोज जाऊन-येऊन २८ किमी गर्दीतला प्रवास आणि महिन्यातून एखादा हायवेवरचा लांबचा पल्ला, असा वापर होता. मोठा अपघात झालेला नव्हता आणि पत्र्याला गंजही नव्हता.

इंजिन ऑइल दर १०,००० किमीला नेमाने बदललं होतं. ब्रेक पॅड आणि फिल्टरही वेळच्या वेळी बदलले होते. सात वर्षं गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात होती, पुढे बाहेरच्या गॅरेजकडे गेली. या सगळ्यात दोन गोष्टी राहून गेल्या. सीव्हीटीचं तेल एकदाही बदललं गेलं नाही, कारण सर्व्हिसच्या वेळापत्रकात त्या ओळीसमोर 'तपासा' एवढंच छापलं होतं. तपासणं म्हणजे पातळी बघणं असा अर्थ सगळ्यांनी काढला. दुसरं म्हणजे गॅरेज बदलल्यावर नोंदी तुटल्या. बिलं होती, पण 'किरकोळ काम' आणि 'टॉप-अप' असल्या शब्दांवरून काय घातलं आणि किती घातलं, हे कळायला मार्ग नव्हता.

रकमा जागेनुसार आणि गाडीनुसार बदलतात. म्हणून या लेखात खर्च 'सर्व्हिस' या मापात दिला आहे. ऑइल, फिल्टर आणि मजुरी धरून होणारी एक साधी वार्षिक सर्व्हिस म्हणजे १.

अडचण

चार महिन्यांत चार तक्रारी जमा झाल्या.

पहिली तक्रार सिग्नलला उभं असतानाची. गाडी डी मध्ये (पुढे जाण्याच्या स्थितीत) आणि पाय ब्रेकवर असला की स्टिअरिंग आणि सीट थरथरायची. दुसरी चालतानाची. २० ते ४० किमीच्या वेगात अॅक्सिलरेटरवर हलका पाय असेल तर गाडी हबकायची, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. तिसरी म्हणजे खड्ड्यात पुढच्या डाव्या बाजूने येणारा 'धप्' आवाज. चौथी तक्रार म्हणून कोणी सांगतच नव्हतं: कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी दर दोनेक हजार किमीला वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायची आणि घरचेच कोणीतरी साधं पाणी ओतून ती भरायचे.

पहिल्या गॅरेजने एक फेरी मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला. रिकंडिशन केलेला बसवायचा तर १५ सर्व्हिसइतका खर्च, नवा बसवायचा तर २८. कूलंटचं विचारल्यावर 'हेड गॅस्केटपण असू शकतं', म्हणजे सिलिंडर हेडखालचं सील फाटून कूलंट इंजिनच्या आत जात असेल, असंही ऐकवलं. आहे त्या अवस्थेत गाडीला ३० सर्व्हिसइतकी किंमत मिळत होती. चांगल्या अवस्थेत ती ४५च्या आसपास गेली असती.

समोरचे पर्याय

आहे तशी विकून टाकणं हा पहिला पर्याय. त्यात डोक्याला ताप नव्हता, पण दोष न शोधता विकलेली गाडी नेहमी सर्वांत वाईट शक्यतेच्या भावाने जाते. घेणारा गिअरबॉक्सची पूर्ण किंमत वजा करूनच बोलतो.

गिअरबॉक्स बदलणं हा दुसरा. पण चारपैकी तीन तक्रारी, म्हणजे उभ्या गाडीतली थरथर, खड्ड्यातला आवाज आणि कूलंट, गिअरबॉक्स बदलून जातील असं मानायला काहीच आधार नव्हता. नव्या गिअरबॉक्ससह गाडी सिग्नलला तशीच थरथरली असती.

तिसरा पर्याय 'चालतंय तोवर चालवू'. कूलंट कमी होत असताना हा पर्यायच नाही. अल्युमिनियमचं सिलिंडर हेड एकदा तापून वाकलं की मग खरोखरच हेड गॅस्केटचं काम निघतं.

चौथा पर्याय निवडला गेला: प्रत्येक तक्रार वेगळी धरायची, तिची वेगळी तपासणी करायची आणि गिअरबॉक्सवर किती पैसे घालायचे याची मर्यादा आधीच ठरवायची. मर्यादा ४ सर्व्हिसची ठरली. त्यात गुण आला नाही तर गाडी विकायची. हा आकडा गिअरबॉक्स उघडण्याआधी लिहून ठेवला, हे फार बरं झालं. काम सुरू झाल्यावर 'आता एवढं केलंच आहे तर' म्हणत माणूस वाहवत जातो.

पहिला निर्णय: आवाज न करणारी तक्रार आधी

कुटुंबाला त्रास हबक्यांचा होता, पण पहिलं काम कूलंटचं घेतलं. हबकणारा गिअरबॉक्स आणखी महिनाभर थांबू शकतो, कूलंट गळणारं इंजिन थांबत नाही.

इंजिन थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, म्हणजे १.१ बारपर्यंत पंप केलं. वीस मिनिटांत काटा ०.९५ वर आला. खाली ओलसरपणा दिसेना. वॉटर पंपाच्या बाजूने आरसा धरून पाहिलं तेव्हा पंपाच्या पोटाखाली असलेल्या बारीक छिद्रापासून गुलाबी, वाळलेली रेघ खाली आलेली दिसली. आतलं सील झिजलं की ते छिद्र गळून इशारा देतं, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं. गरम इंजिनावर थेंब लगेच सुकतो, मागे फक्त पापुद्रा राहतो. म्हणून जमिनीवर डाग पडत नाही आणि 'गळती नाही, म्हणजे इंजिन पाणी पितंय' असा निष्कर्ष निघतो.

तरी हेड गॅस्केटची शंका तशीच सोडली नाही. रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनवायू ओळखणारं निळं द्रावण धरून दहा मिनिटं गरम इंजिन चालवलं. वायू मिसळत असता तर द्रावण पिवळं पडलं असतं. ते निळंच राहिलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नव्हती. चारही प्लगांची टोकं एकसारखी फिकट तपकिरी होती, एखादंच धुतल्यासारखं स्वच्छ नव्हतं. इतकं जुळल्यावर हेड गॅस्केटचा विषय बंद केला.

पंपासोबत थर्मोस्टॅट, त्याची ओ-रिंग, ड्राइव्ह बेल्ट आणि रेडिएटरचं झाकण एकाच वेळी बदललं, कारण तेवढी उघडझाक होणारच होती आणि मजुरी एकदाच लागणार होती. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं. लोखंडी पात्याचा एक ओरखडा अल्युमिनियमवर पडला की तिथूनच पुन्हा पाझर सुरू होतो.

साध्या पाण्याची किंमत इथे कळली. साधारण ६ लिटरच्या यंत्रणेत चार वेळा चारशे-चारशे मिलिलिटर पाणी गेलं होतं. मापकावर कूलंटचं प्रमाण ५०ऐवजी ३८ टक्के दिसलं. गंज रोखणारी रसायनंही त्याच प्रमाणात विरली होती. जुनं सगळं काढून मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचं तयार मिश्रण भरलं. प्रकार डब्यावर वाचायचा असतो. रंगावरून कूलंट ओळखू नये, रंगांसाठी कोणतंही ठरलेलं मानक नाही.

हवा काढताना गाडीचं तोंड थोडं उंच ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पाहिली तर आणखी दोनशे मिलिलिटर मावलं. दुसऱ्या दिवशीची ही तपासणी गॅरेजकडून राहून जाते, कारण गाडी तोवर घरी गेलेली असते. ती मालकानेच करायची. एकूण खर्च २.२.

दुसरा निर्णय: उभ्या गाडीतली थरथर

तपासणी साधी होती. ब्रेक दाबून डी, एन (न्यूट्रल) आणि आर (रिव्हर्स) अशी प्रत्येकी अर्धा मिनिट गाडी ठेवली. डी मध्ये जोरात थरथर, एन मध्ये जवळपास शून्य, आर मध्ये मध्यम. इंजिन नीट जळत नसतं तर एन मध्येही धडधड राहिली असती. डी ला भार आल्यावर इंजिन एका बाजूला झुकतं आणि झिजलेलं माउंटिंग, म्हणजे इंजिन पेलणारा रबरी आधार, तळाला टेकतं, असं याचं सरळ वाचन होतं.

उजव्या बाजूचं मुख्य माउंटिंग द्रव भरलेलं होतं. रबराच्या कडेने काळा, चिकट ओघळ आलेला होता. काढून नव्याशेजारी ठेवलं तेव्हा जुन्याची उंची नऊ मिलिमीटरने कमी भरली. अंगठ्याने दाबलं तर ते परत वर येत नव्हतं.

चूक मात्र इथेच झाली, आणि ती सांगण्यासारखी आहे. पहिल्यांदा बसवलेलं माउंटिंग स्वस्तातलं होतं. आकार तोच, बोल्टची भोकं तीच, पण आत द्रव नव्हता, सगळं भरीव रबर. बसवल्यावर इंजिनची उंची सुधारली आणि थरथर वाढली. भरीव रबर इंजिनचा भार उचलतं, पण उभ्या गाडीतली बारीक कंपनं गिळत नाही, उलट चॅसीकडे पोचवतं. त्या दोनशे किमीत कुटुंबाची जवळपास खात्री झाली होती की पहिलं गॅरेजच बरोबर होतं. मूळ पुरवठादाराचं द्रव भरलेलं माउंटिंग लावल्यावर डी मधली थरथर एन च्या पातळीला आली. स्वस्त माउंटिंगचे ०.५ वाया गेले, योग्य माउंटिंगला मजुरीसह १.६ लागले.

बसवताना ऑइलच्या तळपात्राखाली लाकडी ठोकळा ठेवून त्यावर जॅकने इंजिन पेललं. बोल्ट आधी हातानेच लावले, जॅक उतरवला, इंजिन चालू करून डी आणि आर मध्ये दोन-तीनदा घातलं, मग बंद करून टॉर्क रेंचने आवळलं. इंजिन स्वतःच्या वजनाने जागेवर बसण्याआधी बोल्ट आवळले तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं.

एसी सुरू होताना मात्र आरपीएम अजूनही क्षणभर बुडत होते. थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजून सोडणाऱ्या भागाच्या, झडपेच्या कडेला काळा थर होता, तो साफ केला आणि गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने आयडल (उभ्या गाडीतले इंजिनचे आरपीएम) पुन्हा शिकवलं. त्याच दिवशी प्लगही बदलले, कारण मूळ इरिडियम प्लगांचं अंतर १.१ मिमीवरून १.४वर गेलं होतं. बुडणं थांबलं. दोन्हींपैकी नेमकं कशामुळे, हे आता सांगता येत नाही. खर्च ०.९.

तिसरा निर्णय: गिअरबॉक्स उघडायचा का

आता उरले २० ते ४० किमीच्या वेगातले हबके. माउंटिंगनंतर ते थोडे सौम्य झाले, गेले नाहीत.

सीव्हीटीमध्ये दोन पुल्यांवरून पोलादी पट्टा फिरतो. प्रत्येक पुलीच्या दोन तबकड्या तो दाबून धरतात आणि त्या जवळ-दूर होऊन गुणोत्तर बदलत राहतं. दातेरी गिअर नसल्यामुळे सगळी ताकद पकडीवर जाते. इंजिन आणि पुल्या यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे पोचवतो. वेग थोडा वाढला की त्यातला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र बांधतो. या क्लचने घसरत न बसता अलगद पकडावं म्हणून तेलात खास घर्षण-रसायनं असतात. ती संपली की क्लच पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. तोच हबका.

हबका क्लचचा की पट्ट्याचा, हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. क्लचचा असेल तर तेलाने फरक पडू शकतो. पट्टाच घसरत असेल तर पुल्यांवर ओरखडे पडलेले असतात आणि तेल बदलून काहीही होत नाही. स्कॅनरवर चालत्या गाडीत तीन आकडे एकत्र पाहिले: इंजिनचे आरपीएम, इंजिनकडच्या पुलीचे आरपीएम आणि पुल्यांचं गुणोत्तर. हबका आला की पहिल्या दोन आकड्यांतला फरक ० ते ५०च्या दरम्यान नाचायचा, गुणोत्तर मात्र स्थिर राहायचं. म्हणजे क्लच. अॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला की हबका जायचा, चढावर भार असताना यायचाच नाही. प्लग किंवा कॉइलचा दोष असता तर चढावर तो वाढला असता. ही दहा मिनिटांची तपासणी पहिल्या गॅरेजने केली असती तर १५ सर्व्हिसचं अंदाजपत्रक निघालंच नसतं.

तेल बदलण्याला दुसऱ्या मेकॅनिकचाही विरोध होता. 'इतकी वर्षं तेल बदललं नाही, आता बदललंत तर गिअरबॉक्स बसेल. तुम्ही हात लावू नका.' या भीतीमागे अनुभव आहे, पण कारण चुकीचं धरलं जातं. बहुतेक जण तेल तेव्हाच बदलतात, जेव्हा गिअरबॉक्स आधीच मरणाच्या दारात असतो. मग दोष तेलावर येतो. मशीन लावून दाबाने सगळं तेल एका झटक्यात काढण्यात मात्र खरा धोका आहे, कारण साचलेला गाळ हलून व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणून टप्प्याटप्प्याने, गुरुत्वाकर्षणाने निथळवून बदलायचं ठरलं.

कसोटीही आधी ठरली. तळपात्रातल्या चुंबकांवर बारीक करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज, पुढे जायचं. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा चमकणारे तुकडे असतील तर तिथेच थांबायचं, नवं तेल भरून गाडी विकायची आणि घेणाऱ्याला खरं सांगायचं.

काम असं झालं. गाडी अर्धा तास चालवून चारी बाजूंनी सपाट उचलली. तेल भरण्याचा बोल्ट आधी सैल केला, काढण्याचा नंतर. क्रम उलटा झाला आणि वरचा बोल्ट अडकून बसला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी रॅम्पवर अडकते. तेल मोजपात्रात घेतलं: ३.६ लिटर, गडद तपकिरी, पण जळका वास नाही. तळपात्र उतरवलं. आत चार गोल चुंबक होते. त्यांवर काळसर करड्या लोण्यासारखा थर होता. पांढऱ्या फडक्यावर पुसून बोटांत चोळला तर पेन्सिलच्या शिशासारखा पसरला, टोचलं काहीच नाही. पुढे जायचं ठरलं.

तळपात्र धुतलं, जाळीचा गाळणा आणि कूलरजवळचा कागदी फिल्टर बदलला, नवं गॅस्केट लावलं. तळपात्राचे बोल्ट लहान असतात, त्यांना टॉर्कही जेमतेम लागतो. हाताने 'अजून थोडं' करायला गेलं की अल्युमिनियमचे आटे जातात, म्हणून टॉर्क रेंच. जेवढं निघालं तेवढंच, याच गिअरबॉक्ससाठी सांगितलेल्या प्रतीचं तेल भरलं. साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सीव्हीटीत चालत नाही, पट्ट्याला हवी तेवढी पकड ते देत नाही.

नंतर इंजिन चालू ठेवून पी, आर, एन, डी अशा प्रत्येक जागी पाच-पाच सेकंद लिव्हर फिरवला. स्कॅनरवर तेलाचं तापमान मॅन्युअलमधल्या पट्ट्यात, या गाडीत ३५ ते ४५ अंश सेल्सिअस, आल्यावर पातळीचा बोल्ट उघडला. धार थांबून थेंब पडू लागले की पातळी बरोबर. जास्त गरम तेलावर मोजलं तर ते फुगलेलं असतं आणि गिअरबॉक्समध्ये कमी तेल राहतं. घरच्या अंदाजाने हे काम करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

एकूण तेल ७.६ लिटर आणि एका वेळी निघतं ३.६. म्हणजे पहिल्या फेरीनंतर साधारण ४७ टक्के तेल नवं, दुसरीनंतर ७२, तिसरीनंतर ८५. दर हजार-अकराशे किमीला एक, अशा तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीनंतर हबके निम्म्यावर आले, दुसरीनंतर शोधावे लागत होते. तिसरीनंतर स्कॅनरमधून तेलाच्या झिजेची नोंद शून्यावर आणली. गाळणा, फिल्टर, गॅस्केट आणि सुमारे साडेअकरा लिटर तेल मिळून खर्च ३.१, ठरवलेल्या मर्यादेच्या आत.

खड्ड्यातला आवाज

यात वेळ गेला तो घाईमुळे. आवाज ऐकून सस्पेन्शनमधले लिंक रॉड बदलले (०.४), आवाज तसाच राहिला. लिंक रॉडचा आवाज लहान, सलग खाचांवर 'खट्-खट्' असा येतो. मोठ्या खड्ड्यात आणि ब्रेक मारताना एकच जड 'धप्' येत असेल तर आधी लोअर आर्मचं, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचं, मागचं बुश (सांध्यातलं रबर) पाहावं. पहार घालून आर्म हलवल्यावर डाव्या बुशच्या रबराला अर्ध्या घेरापर्यंत फाटलेली चीर दिसली, उजवीकडे तिची सुरुवात होती. बुश दाबून बसवण्याऐवजी दोन्ही आर्म पूर्ण बदलले, कारण बॉल जॉइंटही तितकेच जुने होते.

गॅरेजने आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळले होते. मालकाने विचारलं तेव्हा ते कळलं. चाकं खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला की बुश त्या स्थितीत जखडतं आणि गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलं जातं. अशी बुशं लवकर फाटतात आणि दोष पार्टला दिला जातो. बोल्ट सैल केले, गाडी चाकांखाली फळ्या ठेवून स्वतःच्या वजनावर उभी केली आणि पुन्हा आवळले. मग अलाइनमेंट. एकूण २.३.

परिणाम

सगळा खर्च ११ सर्व्हिसइतका आला. त्यातले ०.९ चुकीच्या माउंटिंगवर आणि लिंक रॉडवर वाया गेले. रिकंडिशन गिअरबॉक्सचं १५चं अंदाजपत्रक स्वीकारलं असतं तर पंप, माउंटिंग आणि आर्मचा खर्च त्यावर वेगळा आलाच असता.

त्यानंतरच्या दीड वर्षात गाडी २१,००० किमी चालली. कूलंटची पातळी हलली नाही. हबके थंड इंजिनावर पहिल्या एक-दोन किमीत कधीतरी अगदी पुसट जाणवतात, गरम झाल्यावर नाहीत. क्लचची काही झीज झालेली आहे आणि तेल ती परत आणत नाही, हे मान्य करायला हवं. टाकी काठोकाठ भरून मोजलेलं मायलेज पाच टाक्यांच्या सरासरीत ११.६ वरून १२.७ किमी प्रति लिटर झालं. या काळात नवीन कामं दोनच निघाली: बॅटरी, आणि मागच्या उजव्या कॅलिपरची अडकलेली सरकपिन. पिन अडकल्यामुळे आतला पॅड बाहेरच्या निम्म्यावर आला होता. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले.

काय वेगळं करता आलं असतं

सीव्हीटीचं तेल ६०,००० किमीला आणि मग १,२०,०००ला बदललं असतं तर प्रत्येक वेळी एकच फेरी पुरली असती. गर्दीतल्या रोजच्या वापरात 'तपासा' या शब्दावर विसंबू नये. याच मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं कोष्टक होतं, ते कोणी उघडलं नव्हतं.

कूलंट पहिल्यांदा खाली गेलं तेव्हाच तारीख, किमी आणि किती मिलिलिटर घातलं हे लिहिलं असतं तर दुसऱ्या वेळेस गळती आहे हे आकड्यांवरून कळलं असतं आणि पंप तीन महिने आधी बदलला गेला असता. डिकीत साध्या पाण्याच्या बाटलीऐवजी तयार कूलंटचा लिटरभराचा डबा ठेवणं एवढंच करायचं होतं.

माउंटिंग मागवताना पार्ट नंबर लिहून द्यायला हवा होता. 'उजवं माउंटिंग' एवढंच सांगितल्याने गॅरेजने जे मिळालं ते आणलं. थ्रॉटल बॉडी आणि प्लग वेगवेगळ्या दिवशी, मध्ये दोनशे किमी चालवून करायला हवे होते. लिंक रॉडच्या आधी पहार घालून बुश पाहायला पाच मिनिटं लागली असती.

विकण्याच्या पर्यायावर कुटुंबात मतभेद होते आणि आजही एक मत असं आहे की तीन फेऱ्यांनंतर, गाडी चांगली चालत असतानाच, तिला ४५च्या भावाने सोडायला हवं होतं. हे मत चूक म्हणता येत नाही. वापर महिन्याला दोन-अडीच हजार किमी असता तर आम्हीही तेच सुचवलं असतं. हजार-बाराशे किमीला मात्र गाडी ठेवणं परवडतं.

आता वहीत पुढच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. १,७५,००० किमीला गिअरबॉक्सच्या तेलाची एक फेरी आणि त्या वेळी चुंबक पुन्हा फडक्यावर पुसून पाहणं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंशांवरून ओल्या अवस्थेत १५५पर्यंत खाली येऊ शकतो. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, वहीच्या पहिल्या पानावर. आणि त्याच पानावर थांबण्याची रेघ: चुंबकावर टोचणारे कण दिसले, किंवा पुल्यांचं गुणोत्तर भाराखाली नाचू लागलं, तर त्या गिअरबॉक्सवर आणखी खर्च नाही.